विहीर आटली पण नाला वाहतोय, असं कसं?

प्रश्न: आमचं शेत भद्रावती तालुक्यात, बाजूलाच ओपनकास्ट कोळसा खाण. मार्च लागला की विहीर तळाला जाते आणि तिकडे खाणीचं पाणी नाल्यात चोवीस तास चालूच. विचारलं तर म्हणतात आम्हाला परवानगी आहे, पाऊसच कमी झाला. खरं काय मानायचं?

उत्तर: भाऊ, परवानगी असेलही, पाऊस कमी झालाही असेल, पण तेवढ्यावर गप्प बसू नका. वर्धा खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी कोळशाच्या वर कामठी वालुकाश्म आहे, हा खडक पाणी चांगलं धरून ठेवतो. खाण तो फोडून खाली जाते, पंप थांबला की खड्डा भरतो म्हणून उपसा रात्रंदिवस, आणि मग आजूबाजूचं भूजल हळूहळू त्या खड्ड्याकडे उतरायला लागतं. थोडं पाणी धूळ दाबायला जातं, बाकी नाल्यात. म्हणजे तुमच्या विहिरीचंच पाणी तुमच्यासमोर वाहत असू शकतं!

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. प्रत्येक खाणीचा पर्यावरण अहवाल साधारण आपापल्या 10 किमीपुरता. माजरी, घुग्गुस, सास्ती, नदीपलीकडे वणी, इथल्या सगळ्या खाणींचा उपसा, शिवाय इरई धरणावर वीज केंद्र आणि चंद्रपूर शहर दोघंही, ही सगळी बेरीज नवी खाण मंजूर करायच्या आधी खोऱ्याच्या पातळीवर व्हायला नको का? ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, ढीग नदीकाठी टाकतात ते तर वेगळंच, पावसात माती पात्रात उतरते, त्यात वर्धेला पूर आला की इरई नदीला फुग येते आणि पाणी वस्तीत.

आता तुमचं. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, कारण भूजल सर्वेक्षण यंत्रणा पण याच महिन्यांत निरीक्षण विहिरी मोजते, तुलना सोपी जाते. तारखेसकट वहीत लिहा, मोबाईलवर फोटो. खाणीला दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरात, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो मागवून पिझोमीटरचे, म्हणजे भूजल मोजायच्या बोअरचे, आकडे बघा. मग तुमची वही आणि तो अहवाल जोडून यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय निघू नका. शेजारच्या चार-पाच विहिरीवाल्यांनाही सोबत घ्या, एकट्याच्या विहिरीला गाळ साचलाय म्हणून बोळवण करतात.