‘समजले का?’ हे इंग्रजीत कोणत्या काळात विचारावे?

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. तास संपताना मी मुलांना सवयीने ‘डिड यू अंडरस्टँड?’ असे विचारते. एका सहकाऱ्यांच्या मते ‘डू यू अंडरस्टँड?’ हेच बरोबर आहे. पण मराठीत तर आपण ‘समजले का?’ असे भूतकाळातच विचारतो. असाच घोळ ‘जेवलास का?’ या प्रश्नाबाबतही होतो. ‘डिड यू ईट?’ म्हणावे की ‘हॅव यू ईटन?’ शिवाय मुले ‘डिड यू वेंट?’ असे म्हणतात, ते काही केल्या सुटत नाही. – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपले वाक्य चूक नाही आणि सहकाऱ्यांचेही नाही; मात्र दोन्ही वाक्ये एकच गोष्ट विचारत नाहीत, आणि हा फरक मराठीत दिसत नसल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. ‘समजले का?’, ‘भूक लागली का?’, ‘दमलास का?’, ‘कंटाळा आला का?’, ‘राग आला का?’ हे प्रश्न एका ओळीत लिहून पाहावेत. रूपाने सगळे भूतकाळी आहेत, पण विचारणाऱ्याला हवी असते ती समोरच्या माणसाची आत्ताची अवस्था. भूक लागण्याची क्रिया घडून गेली की माणूस भुकेला असतो, म्हणून मराठी त्या घडून गेलेल्या क्रियेविषयी विचारते आणि अवस्था त्यातून आपोआप कळते. इंग्रजी सरळ अवस्थेलाच हात घालते : ‘आर यू हंग्री?’, ‘आर यू टायर्ड?’, ‘आर यू बोअर्ड?’, ‘आर यू अँग्री?’. मराठीतले भूतकाळी रूप पाहून यांपैकी एखाद्या ठिकाणी ‘वेअर यू हंग्री?’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला वाटेल की चौकशी सकाळच्या किंवा कालच्या भुकेची चालली आहे.

‘अंडरस्टँड’ याच जातीचे आहे. तासाच्या शेवटी मुलाच्या डोक्यात या क्षणी ती गोष्ट स्पष्ट आहे का, हे जाणून घ्यायचे असेल तर ‘डू यू अंडरस्टँड?’ म्हणावे. ‘डिड यू अंडरस्टँड द पोएम?’ मध्ये मात्र रोख मागे वळलेला आहे : कविता वाचली, तेव्हा ती कळली का? वाचन संपले आहे, त्यामुळे हाही प्रश्न स्वाभाविकच आहे. एक गोष्ट जाता जाता सांगतो. नुसते ‘डू यू अंडरस्टँड?’ जरा चढ्या आवाजात विचारले, तर ते आपल्याकडच्या ‘समजलं ना?’ इतकेच दरडावणीचे वाटते. मला विचाराल तर दोन्ही वाक्ये बाजूला ठेवून मुलांना शिकवलेल्या भागावर एखादा नेमका प्रश्न विचारावा, ‘समजले का?’ या प्रश्नाला वर्गातून ‘हो’ यापलीकडे फारसे काही येत नाही.

आता ‘जेवलास का?’. रात्री नऊ वाजता घरी आलेल्या पाहुण्याला आपण हे विचारतो तेव्हा मनात हिशेब असा असतो, की जेवला नसेल तर पान वाढावे. म्हणजे मागे घडलेल्या गोष्टीचा आत्ताच्या निर्णयाशी संबंध आहे, आणि हा संबंध दाखवायला इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ आहे : ‘हॅव यू ईटन?’. ब्रिटिश इंग्रजीत येथे हेच रूढ आहे. अमेरिकेत मात्र ‘डिड यू ईट यट?’ सर्रास ऐकू येते, त्यामुळे तेथे राहणाऱ्या भाच्याने असे म्हटले तर त्याला लाल शाईने खोडू नये. आपली शालेय पुस्तके ब्रिटिश वळणाची असल्याने वर्गात ‘हॅव यू’ शिकवावे, हे उत्तम. पण ‘काल लग्नात जेवलास का?’ असे विचारायचे असेल, तर दोन्हीकडे ‘डिड यू ईट’ हेच लागते, कारण काल संपला आहे.

येथेच ‘कधी’ हा शब्द मुलांना फसवतो. ‘तू गोव्याला कधी गेलास?’ आणि ‘तू कधी गोव्याला गेला आहेस का?’ या दोन्ही प्रश्नांत शब्द तोच आहे, पण पहिला तारीख मागतो आणि दुसरा आयुष्यात एकदा तरी गेलास का, एवढेच विचारतो. पहिल्यासाठी ‘व्हेन डिड यू गो टू गोवा?’, दुसऱ्यासाठी ‘हॅव यू एव्हर बीन टू गोवा?’. हे दोन्ही एकत्र कालवून मुले ‘व्हेन हॅव यू गॉन?’ असे वाक्य करतात. ‘व्हेन’ने घडून गेलेल्या गोष्टीची नेमकी वेळ विचारली, की ‘हॅव’ तेथे बसत नाही, एवढे सांगितले तरी बरेचसे काम होते.

‘डिड यू वेंट?’चे मूळ मराठीतच आहे. ‘तू शाळेत गेलास’ या वाक्याला ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो, क्रियापदाला हातही लावावा लागत नाही. ‘यू वेंट’ तसेच ठेवून मूल ‘का’च्या जागी ‘डिड’ बसवते, पण ‘डिड’ म्हणजे ‘का’ नव्हे. भूतकाळ तोच वाहून नेतो, म्हणून मागे ‘गो’ हे मूळ रूप उरते. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत असा प्रश्न ‘डिड’शिवाय होत असे. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये ‘व्हॉट वेंट यी आउट इंटू द विल्डरनेस टू सी?’ असे वाक्य आहे (‘यी’ म्हणजे ‘यू’). तेव्हा भूतकाळ ‘वेंट’मध्येच होता आणि केवळ शब्दांची जागा बदलून प्रश्न होत असे. आजही प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल तर ‘डिड’ येत नाही : ‘हू वेंट?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’. मुलांना ‘डिड’ पक्का बसला की ती ‘व्हॉट डिड हॅपन?’ म्हणू लागतात, म्हणून हे दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

प्रश्न : दूरध्वनीवर एका इंग्रज बाईंनी मला ‘व्हॉट वॉज युअर नेम?’ असे विचारले. माझे नाव बदललेले नाही. मग भूतकाळ कशाला? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाव बदलले नाही, पण ते सांगून झाले होते किंवा तसे धरून बाई बोलत होत्या, ‘काय नाव म्हणालात आपण?’ यातला भूतकाळ जसा म्हणण्याचा आहे, तसाच हा. दुसरे कारण आर्जवाचे. ‘डिड यू वाँट अ बॅग?’ असे दुकानदार विचारतो, तेव्हा गिऱ्हाइकाला पिशवी आत्ताच हवी असते. भूतकाळाने प्रश्न किंचित दूर सरकतो आणि त्याची टोचणी कमी होते. आपल्याकडेही वाणी ‘काय हवे आहे?’ असे न विचारता ‘काय हवं होतं?’ असे विचारतो, आणि आपणही ‘जरा विचारायचं होतं’ अशीच सुरुवात करतो.