आधी शेताकडे तोंड करून उभी राहा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. शेतीच्या अभ्यासाला फ्रान्समध्ये चालली आहेस आणि राहायला शहर सोडून ब्रेएमाँसारखं लहान गाव निवडलंस, हे वाचून फार बरं वाटलं. ल्वार नदीच्या त्या पट्ट्यात लोक राजवाडे बघायला जातात. आझे-ल-रिदो, विलांद्री जवळच आहेत, तूही जाशील. पण पहिल्या दिवशी बांधावर चढ.

तिथे त्याला 'लव्हे' म्हणतात. बांधावरूनच रस्ता जातो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला ल्वार आणि अँद्र या दोन नद्यांमधली सपाट, गाळाची जमीन. आधी शेताकडे तोंड करून उभी राहा. मोठ्या पुराचं पाणी या शेतांच्या वरून जाईल, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की बांधाची किंमत कळते. १८४६, १८५६ आणि १८६६, वीस वर्षांत तीन महापूर. १८५६च्या जूनमध्ये तर ल्वारचे बांध शंभराहून जास्त ठिकाणी फुटले. काठच्या गावांत भिंतींवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत. त्यूफो हा तिथला पांढरा दगड मऊ असतो, त्यात रेघ चांगली उमटते. अशी रेघ दिसली की भिंतीला पाठ लावून उभी राहा.

मग भट्ट्या बघ. ब्रेएमाँ एके काळी 'शाँव्र'चं गाव होतं. हे भांगेच्याच जातीचं रोप, पण धाग्यासाठी लावलेलं. उन्हाळा सरताना ते उपटायचं, जुड्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या, नंतर भट्टीत वाळवून वाख सोडवायचा. त्याचेच गलबतांचे दोर आणि शिडं. आमच्या आजोळी अंबाडी अशीच ओढ्यात कुजत घालत, वर दगड ठेवून. पाण्यात हात घालून साल सुटतेय का ते आम्ही पोरं चाचपायचो. तो वास साबणानेही जात नसे. म्हणून सांगतो, भट्टीचा नुसता फोटो काढू नकोस. कुणा म्हाताऱ्या माणसाला विचार, जुडी केवढी असायची, पाण्यात किती दिवस ठेवायची, कुजली हे कशावरून ओळखायचं. अशा प्रश्नांवर माणसं मोकळी होतात. मात्र आधी 'बाँजूर' म्हणायचं, दुकानात पाव घेतानासुद्धा.

नदीवर तेव्हा सपाट बुडाच्या नावा चालत. पश्चिमेचा वारा शिडात भरला की त्या प्रवाहाविरुद्ध वर चढत. १८५१मध्ये रेल्वे नाँत या खालच्या अंगाच्या बंदरापर्यंत पोचली आणि ही वाहतूक हळूहळू आटली. नावा लागायचे धक्के मात्र अजून आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं, वाळूची बेटं उघडी पडतात, आणि पलीकडे चालत जावंसं वाटतं. जाऊ नकोस. ती वाळू पायाखालून सरकते, आणि शांत दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते. शिवाय त्या बेटांवर सुरय पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात.

पोचल्यावर पत्र लिही. रेघ तुझ्या कुठवर आली तेही कळव, कमरेपर्यंत की डोक्यावरून.

तुझा,
काका