मंगळावर वस्ती होईल का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मंगळाच्या मातीत पीक येईल का? ऊस नको, निदान भाजीपाला तरी? – एक शेतकरी, वाळवा

उत्तर : मंगळावरचा बराचसा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड. पण आपल्याकडे त्या दगडाची काळी माती झाली ती पाऊस, मुळं आणि जिवाणूंमुळं. तिथं नुसती भुकटी आहे, सेंद्रिय कर्ब जवळजवळ नाही. शिवाय २००८ साली फिनिक्स यानाला त्या मातीत सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट हे क्षार सापडले. ते थायरॉइडला बाधतात. तुमच्याकडं क्षारपड रानात सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढतात, तसंच तिथंही करावं लागेल. परक्लोरेट पाण्यात सहज विरघळतात, ही जमेची बाजू. अडचण पाण्याची. ते जमिनीखालचा बर्फ खणून, वितळवून मिळवायचं. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, त्यामुळं उघड्या रानात काहीच टिकणार नाही, शेती बंदिस्त हरितगृहातच. माझ्या मते पहिली भाजी मातीविना, खतपाण्यावर निघेल.

प्रश्न : श्वासासाठी ऑक्सिजन कुठून आणणार? – अकरावीची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तिथल्याच हवेतून. तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्रानं २०२१ ते २०२३ या काळात त्यातून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे हा साधारण साडेतीन तासांचा श्वास झाला. पण दुसऱ्या ग्रहावर माणसानं ऑक्सिजन तयार केला तो पहिल्यांदाच, आणि मला याचं फार अप्रूप आहे. आता यंत्र मोठं करायचं, वर्षानुवर्षं न थांबता चालवायचं. हे काम तुझ्या पिढीचं आहे. रसायनशास्त्र सोडू नकोस.

प्रश्न : माझी नातवंडं तिथं घर करतील का? – निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, तळ उभा राहील, गाव वसणं अवघड. अंटार्क्टिकावर आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं आहेत. लोक तिथं जातात, काम करतात, परत येतात. मंगळावर तसं या शतकात घडू शकेल. संसार मात्र वेगळी गोष्ट. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. त्यात गर्भ नीट वाढेल का, मुलांची हाडं कशी होतील, हे कुणीच तपासलेलं नाही. प्रवासाची सोयीची वेळही सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येते, त्यामुळं आजारी लेकराला घेऊन लगेच माघारी फिरता येणार नाही. हे प्रश्न सुटल्याशिवाय तिथं मुलं नेण्याची भाषा कुणी करू नये.