आधी सांग, मग कर

अंबाजोगाई

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा रात्री वाचले आणि काल सकाळी चहा निवेपर्यंत पुन्हा वाचले. पहिले पान एखाद्या चांगल्या विद्यार्थिनीने लिहावे तसे आहे. आईच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 720 वर आल्या म्हणून डॉक्टरांनी तिच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या पाल्बोसिक्लिब या गोळीची चौथी सायकल पुढे ढकलली, आठवड्याने आकडा 860 वरच अडकला, आणि आता तो 1,000 च्या वर गेला की 125 ऐवजी 100 मिलिग्रॅमने सुरुवात करायची, हे सगळे तू तारखांसह लिहिले आहेस. दुसरे पान वाचून मात्र मला राग आला. आईचे तोंड आले आहे, हे डॉक्टरांना कळले तर ते गोळी बंद करतील अशी तिला धास्ती आहे, आणि ‘मी सांगणार नाही’ असे तू तिला वचन दिले आहेस. शिवाय पांढऱ्या पेशी वाढवायला पपईच्या पानांच्या गोळ्या तू लातूरहून आणून कपाटात ठेवल्या आहेत आणि त्या केव्हा द्याव्यात, असे मला विचारतेस.

ते वचन आजच मोड. गोळ्यांची बाटली दुकानदाराला परत कर. बाकीचे त्यानंतर वाच.

तू औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, त्यामुळे धीर धर, सगळे नीट होईल, असली वाक्ये मी तुला लिहिणार नाही. पेशीचक्राच्या नियामकांच्या शोधासाठी 2001 चे नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना मिळाले, हे तू परीक्षेत लिहिले असशील. तेच ज्ञान आईच्या अस्थिमज्जेला लावून पाहा. पाल्बोसिक्लिब सीडीके 4 आणि 6 ही दोन विकरे अडवते, त्यामुळे पेशी विभाजनाच्या उंबरठ्यावरच थांबते. गाठीतल्या पेशी थांबाव्यात म्हणून आपण ते देतो, पण मज्जेतल्या ज्या पूर्वपेशींपासून न्यूट्रोफिल तयार होतात त्यांनाही हीच विकरे लागतात, म्हणून त्याही थांबतात. नेहमीच्या केमोथेरपीत त्या मरतात, इथे त्या बहुतांशी नुसत्या थांबलेल्या असतात आणि औषध थांबले की पुन्हा कामाला लागतात. 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुट्टी, ही रचना याचसाठी आहे. तेव्हा आकडा उतरणे हा औषधाच्या कामाचाच एक भाग आहे, आणि पेशी वाढवण्याचे इंजेक्शन डॉक्टरांनी का दिले नाही या तुझ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: या औषधात बहुतेक वेळा गोळी काही दिवस थांबवणे पुरते.

आईला वाटते की डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तिला सांग की पालोमा-2 या चाचणीत 666 स्त्रिया होत्या, त्यांपैकी 444 जणींना लेट्रोझोल या इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळीच्या जोडीला पाल्बोसिक्लिब मिळाले, आणि या जोडीने निम्म्या स्त्रियांचा आजार 24.8 महिने किंवा त्याहून जास्त आटोक्यात राहिला, तर एकट्या लेट्रोझोलने 14.5 महिने. ते औषध घेणाऱ्या दर तिघींपैकी जवळजवळ दोघींच्या न्यूट्रोफिल पेशी आईसारख्याच 1,000 च्या खाली गेल्या होत्या आणि 36 टक्के स्त्रियांचा डोस त्रासामुळे कमी करावा लागला होता. म्हणजे हे 24.8 महिने डोस कमी केलेल्या स्त्रियांना धरून आलेले आहेत. 125 वरून 100, गरज पडली तर 75, या पायऱ्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेल्या आहेत. डॉक्टर हात टेकत नाहीत, ते पायरी उतरत आहेत. पण कोणती पायरी केव्हा उतरायची हे त्यांना कळण्यासाठी आईचे तोंड आले आहे हेही त्यांना कळले पाहिजे. आधी सांग, मग कर. या पत्रात हे वाक्य तुला पुन्हा पुन्हा भेटेल आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही.

पपईच्या पानांबद्दल तुझ्यासारख्या मुलीला सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. तो रस लोक डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून देतात. तुझ्या आईच्या प्लेटलेट ठीक आहेत, कमी आहेत त्या न्यूट्रोफिल. ‘पेशी’ हा शब्द सारखा वाटला, रक्ताचा संबंध दिसला, आणि तू बाटली उचललीस. मुली, दुकानाच्या फळीपर्यंत हात पोहोचणे हाच आपल्या विद्येचा मोठा धोका आहे. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझी अक्का तुला आठवत नसेल. 2019 साली तिलाही हेच औषध चालू होते, हाच डोस होता आणि उपचार मुंबईचे होते. मे महिन्यात तिच्या कमरेला गजकर्ण झाले. आपल्याकडच्या उन्हात, पाण्याच्या टंचाईत, घामाच्या लुगड्याखाली ते किती बायकांना होते हे तू जाणतेस. तरुण डॉक्टरसमोर कंबर उघडी करायची तिला लाज वाटत होती. ती मला म्हणाली, ‘तू आहेस की, तूच दे काहीतरी.’ मी ग्रामीण रुग्णालयात 29 वर्षे औषधनिर्माण अधिकारी होते. गजकर्णाला काय देतात हे मला झोपेतही सांगता आले असते. मी तिला इट्राकोनाझोल दिले, दोन आठवड्यांचे.

पाल्बोसिक्लिब यकृतातल्या सीवायपी 3ए या विकराने निकामी होते आणि इट्राकोनाझोल तेच विकर जोरात अडवते. दोन्ही एकत्र घेतली तर पाल्बोसिक्लिबचे शरीरातले एकूण प्रमाण सुमारे 87 टक्क्यांनी वाढते. हे माहितीपत्रकात लिहिलेले होते आणि ते माहितीपत्रक तिच्या डब्यात घडी घालून ठेवलेले होते. मी ते उघडले नाही. गजकर्ण सुकत चालले म्हणून आम्ही दोघी समाधानी होतो. अकराव्या दिवशी तिला 101 ताप आला. पुढची तारीख आठ दिवसांवर होती, म्हणून मी पॅरासिटामॉल दिले, ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा दिले. असा दीड दिवस मी घालवला. दवाखान्यात नेले तेव्हा न्यूट्रोफिल 180 होत्या. नऊ दिवस शिरेतून प्रतिजैविके चालली आणि ती वाचली, पण त्या गोळीवरचा तिचा विश्वास उडाला. पेशी वर आल्यावर डॉक्टरांनी कमी डोसाने पुन्हा सुरू करू म्हटले, तेव्हा ती नको म्हणाली, आणि मी तिच्यापुढे बोलू शकले नाही, कारण चूक गोळीची नव्हती, माझी होती, आणि ते मला तेव्हा तिला सांगता आले नाही. ती 2021 च्या दिवाळीपर्यंत होती. गोळी चालू राहिली असती तर किती राहिली असती, हा हिशेब मी करू नये असे मला सगळे सांगतात. मी तो करते.

मी अडाणी किंवा निष्काळजी नव्हते, हेही तुला सांगितले पाहिजे. माझ्या नोंदवहीत मुदत संपलेली एक पट्टी कधी सापडली नाही. त्या वेळी या औषधाचे पेटंट चालू होते, महिन्याच्या डब्यासाठी दाजींनी दोन एकर रान गहाण टाकले होते, आणि डॉक्टरांना त्रास सांगितला की गोळी थांबेल आणि गहाण टाकलेले रान वाया जाईल, असे घरातल्या प्रत्येकाला वाटत होते. 2023 च्या जानेवारीत पेटंट संपले, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत खूपच उतरली, ते तुझ्या आईचे भाग्य. आमच्याकडे पैशाची भीती होती, मुंबईचे अंतर होते, बाईमाणसाची लाज होती. हे सगळे खरे आहे. पण फाईलच्या पहिल्याच पानावर दवाखान्याचा फोन नंबर होता आणि ‘बहिणीला गजकर्ण झाले आहे, काय देऊ’ एवढे विचारायला दोन मिनिटे लागली असती, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून आधी सांग, मग कर. क्लॅरिथ्रोमायसिन असो, केटोकोनाझोल असो, गजकर्णाचे इट्राकोनाझोल असो, ही पाल्बोसिक्लिबचे प्रमाण वाढवणारी औषधे. क्षयाचे रिफाम्पिसिन, फिट्सवरचे फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन ही उलट, प्रमाण पाडणारी. चकोतरा, म्हणजे ग्रेपफ्रूट, वर्ज्य आहे, आणि पपनस त्याच कुळातले म्हणून त्याचा रसही नको. गावातले डॉक्टर, दातांचे डॉक्टर, मेडिकलवाला, कोणीही काहीही दिले तरी ते आईच्या तोंडात जाण्यापूर्वी त्याचा फोटो कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेला पाहिजे. काढे आणि चूर्णेही यात आली.

तापाबद्दल नीट वाच. पांढऱ्या पेशी कमी असल्या की जखमेला पू धरत नाही, लाली येत नाही, कित्येकदा ताप ही शरीराने दिलेली एकमेव खूण असते, आणि पॅरासिटामॉल तीच पुसून टाकते. घरात चांगला थर्मामीटर ठेव. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले की आधी फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. फोन लागला नाही तर सकाळची वाट पाहू नकोस आणि छत्रपती संभाजीनगरची गाडीही शोधू नकोस, केजहून अंबाजोगाई जवळ आहे, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिला घेऊन ये आणि दारातच पहिले वाक्य हे बोल: कॅन्सरची गोळी चालू आहे, पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, ताप आहे. तापासह पेशी उतरण्याचे प्रमाण या औषधात खूप कमी आहे, त्या चाचणीत ते दोन टक्क्यांच्याही आत होते. पण अक्काच्या बाबतीत टक्केवारीने मला काही आधार दिला नाही.

तोंड येण्याबद्दल डॉक्टर तुला धुण्याचे औषध सांगतील. तोवर कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, मऊ ब्रश, ठेचा आणि लोणचे बंद, भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून. आणि एक विचारते, ते तू पत्रात लिहिले नाहीस: आई अजून मिश्री लावते का? मी तिला पंचवीस वर्षांपासून ओळखते, म्हणून विचारते. लावत असेल तर फोड का भरत नाहीत याचे एक कारण तिथेच आहे, आणि हेही डॉक्टरांपासून लपवायचे नाही. त्यांनी हजारो मिश्री लावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत.

सकाळी उठल्यावर तिची बोटे आणि गुडघे आखडतात असे तू लिहिले आहेस आणि त्याचाही दोष पाल्बोसिक्लिबला दिला आहेस. तो बहुधा लेट्रोझोलचा आहे. ते हाडेही विरळ करते, म्हणून हाडांची घनता तपासायची का हे पुढच्या भेटीत विचार. तुझ्या मैत्रिणीच्या काकूंना सारखे जुलाब होतात ते अबेमासिक्लिबमुळे, आणि ज्या हृदयाच्या आलेखाबद्दल वाचून तू घाबरलीस तो रिबोसिक्लिबसाठी लागतो. एकाच कुळातली ही तीन औषधे असली तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत, एकीचा त्रास दुसरीला लावून रात्री जागू नकोस. एक गोष्ट मात्र तिन्हींना लागू आहे: नवा कोरडा खोकला किंवा चालताना लागणारा दम. फुफ्फुसाला सूज येण्याचा हा दुर्मीळ पण गंभीर धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 च्या सप्टेंबरमध्ये दिला होता. आपल्याकडे धुळीत, सोयाबीनच्या रासीच्या दिवसांत सगळेच खोकतात, म्हणून ‘धूळ असेल’ असे म्हणणे सोपे आहे. तू ते म्हणू नकोस. सांग.

रोज एका वहीत चार ओळी लिही: गोळी किती वाजता जेवणासोबत घेतली, ताप किती, तोंड आणि पोट कसे, दुसरे कोणते औषध गेले. गोळी चुकली किंवा उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी द्यायची नाही, तेही लिहून ठेव. टँकरचे पाणी आले की उकळून गार करून पिण्याला वेगळे काढ, आणि घरात कोणी शिंकत असेल तर त्याला बाजेसह ओसरीत पाठव, मग तो चुलता असला तरी. डोंगराच्या देवीला किंवा योगेश्वरीच्या यात्रेला जायचा आईचा हट्ट असेल तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी डॉक्टरांना आकडा दाखवून विचार. चांगल्या आकड्याच्या आठवड्यात, गर्दी नसलेल्या वारी, तिचे दर्शन होऊ शकते. तिला सगळेच तोडून टाकले तर ती तुझ्यापासूनच लपवायला लागेल, आणि मग वहीचा काही उपयोग उरणार नाही.

आईकडून वचन मोडण्याची परवानगी मागू नकोस. तिच्याजवळ बसून सांग की मी उद्या डॉक्टरांना सांगणार आहे, आणि ते काय म्हणाले ते जसेच्या तसे तुला सांगेन. ती चिडेल, एखादे जेवण टाळेल. अक्का माझ्यावर चिडली असती तर मला चालले असते.

सोमवारचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, अंबाजोगाईतच करून घे, त्यासाठी तिला दिवसभराच्या प्रवासात नेण्याची गरज नाही. अहवाल आला की त्यासोबत तोंडाच्या फोडांचा फोटो, तीन दिवसांचा ताप आणि त्या पपईच्या बाटलीचे नाव, परत केली असलीस तरी, एकाच संदेशात डॉक्टरांना पाठव. त्यांचे उत्तर आल्यानंतर मला कळव, त्याच्या आधी नको.

तुझी,
मावशी