वाटेत मोटरहोम बंद पडली तर

वाचक विचारतात

सुट्टीच्या तोंडावर मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : जुन्या तेरा आसनी व्हॅनची मोटरहोम करून घेतली आहे. मे महिन्यात आम्ही चौघं सोलापूरहून विजापूर, बदामी, हंपी असं फिरून येणार आहोत. कारमध्ये असतो तो जॅक, पाना आणि एक स्टेपनी एवढ्यावर भागेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही भागणार. पण जॅक घ्यायला निघण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाण्याची टाकी, डिझेल, गॅस, अंथरूण-पांघरूण, भांडी असं सगळं भरून आणि चौघांनाही आत बसवून वजन करा. आधी पूर्ण गाडीचं, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन. एकूण वजनातून पुढचं वजा केलं की मागच्या एक्सलवर किती भार आहे ते कळतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात प्लायवूडची कपाटं, बॅटऱ्या आणि छतावरचा एसी धरला की भार बघता बघता आरसी बुकातल्या आकड्यापलीकडे जातो. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो : १०४ म्हणजे त्या टायरची ताकद ९०० किलो, १०९ म्हणजे १,०३० किलो. मागे दोनच चाकं असतील आणि एक्सलवर २,००० किलो येत असतील, तर १०४ चा टायर उन्हात फुटू शकतो. त्यावर स्टेपनी हा उपाय नव्हे. सामान कमी करा किंवा गाडीला चालेल असा जास्त ताकदीचा टायर घ्या.

टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उन्हात उभी असते. त्यामुळे नक्षी झिजत नाही, पण रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात. अशा टायरची नक्षी कितीही खोल असली तरी तो काढा. सहा वर्षं झालेला टायर घेऊन मे महिन्यात लांब जाऊ नये, असं आमचं मत आहे. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये गेज पाच-सहा पौंड जास्त दाखवेल. ती हवा काढू नका, नाहीतर टायर थंड झाल्यावर दाब कमी पडेल. मागे जोडचाकं असतील तर आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या. आतलं चाक बसलेलं बाहेरून दिसत नाही, सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि घासून तापलेलं रबर पेटूही शकतं.

चार टनांच्या आसपासच्या गाडीला पाच टनी बाटली जॅक हवा. तो घरीच वापरून बघा. एका मागच्या चाकाची हवा पूर्ण सोडा आणि मिटलेला जॅक एक्सलखाली जातो का ते पाहा. चाक बसलं की एक्सलही खाली येतो, आणि पुष्कळदा जॅक आत सरकतच नाही. जॅक एक्सलखाली किंवा कंपनीने दाखवलेल्या जागीच लावायचा, गाडीतल्या घराच्या तळाच्या पत्र्याला कधीच नाही.

आपल्या भागात यासोबत लाकडी फळीही हवीच. डांबर संपलं की काळी माती. पाऊस पडून गेला असेल तर वरून सुकी दिसणारी माती आतून मऊ असते. जॅक तिच्यात रुततो किंवा कलतो, आणि कललेल्या जॅकवरून गाडी निसटते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड-दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी जवळ ठेवा. उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला लावायच्या चार ठोकळ्यांची सोयही करा. रस्त्यावरचे दगड लावलेच, तर निघताना ते उचलून रस्त्याच्या बाहेर टाका. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्या दगडावर जाऊ शकतो.

टायरवाले नट मशीनने आवळतात, ते हाताच्या पान्याला दाद देत नाहीत. पान्यावर बसणारा तीन फुटी लोखंडी पाइप घ्या. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे, मग गाडी उचलायची. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा आणि पन्नास किलोमीटरवर पुन्हा एकदा. हवा भरायचा पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. लायटरच्या खाचेत बसणारा छोटा पंप कारच्या तीस-पस्तीस पौंडांसाठी असतो, साठ पौंडांना तो तापून बंद पडतो.

प्रश्न : इंजिनाची बॅटरी उतरली तर मोटरहोममधले दिवे, फ्रिज चालवणाऱ्या लिथियम बॅटरीने गाडी चालू करता येईल का? की वाटेतल्या ट्रकवाल्याची मदत घ्यावी?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : दोन्हींत धोका आहे. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी साधारण शंभर अँपिअर देते. डिझेल इंजिनाचा स्टार्टर क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो. बॅटरीतलं संरक्षक सर्किट लगेच पुरवठा तोडतं आणि आतले दिवे, फ्रिजही बंद होतात. त्याऐवजी इन्व्हर्टर चालू करा, त्यावर बारा व्होल्टचा दहा अँपिअर चार्जर लावा आणि इंजिनाच्या बॅटरीला तासभर चार्ज करा. बॅटरी मेलेली नसेल तर एवढ्यावर गाडी सुरू होते.

ट्रकवाले आपणहून थांबून मदत करतात, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा चोवीस व्होल्टची असते. ती थेट आपल्या बारा व्होल्टला जोडली तर गाडीचा कॉम्प्युटर जळतो. म्हणून आधी व्होल्ट विचारा. बारा व्होल्टची पिकअप किंवा कार मिळाली तर २५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन मीटर लांबीची केबल वापरा. लाल चिमटा आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळा आधी दुसऱ्या गाडीच्या मायनसला आणि शेवटी आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि शिशाच्या बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो.

प्रश्न : गाडीत गॅसवर स्वयंपाक करायची भीती वाटते. आग लागली तर काय करायचं?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा, उभा बांधलेला, आतल्या खोलीपासून बंद असलेल्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्याच्या तळाला गाडीबाहेर उघडणारं भोक हवंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो खाली साचतो, झोपलेल्या माणसांच्या पातळीला. वरच्या खिडकीने तो जात नाही. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद ठेवा. धक्क्यांनी जोड सैल होतात, म्हणून दर मुक्कामी साबणाचा फेस लावून तपासा.

वास आला तर कुठलंच बटण दाबू नका, एक्झॉस्ट पंखाही लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, सगळे खाली उतरा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, पण फोन गाडीपासून दूर जाऊन लावा.

दोन किलोची एबीसी पावडरची दोन अग्निशामक नळकांडी घ्या. एक चालकाच्या दाराशी, दुसरं झोपायच्या जागेजवळ. शेगडीच्या वर नको, आग तिथेच लागली तर हात पोचणार नाही. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाला घट्ट बसते. महिन्यातून एकदा नळकांडं उलटं करून जोरात हलवा. दाबल्यावर ते जेमतेम आठ-दहा सेकंद चालतं, म्हणून ज्वाळांच्या मुळाशी मारा. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवा. झाकण नसेल तर आपला सोलापुरी टॉवेल भिजवून, पाण्याचा थेंबही ठिबकणार नाही इतका पिळून वरून पसरा. तापल्या तेलात पाणी पडलं तर भडका छतापर्यंत जातो. लिथियम बॅटरीतून धूर येऊ लागला तर विझवत बसू नका, माणसं बाहेर काढा.

आणि एक कळकळीची विनंती. प्रवासाआधी मुलांना मागच्या खिडकीतून बाहेर पडायचा सराव द्या. अंधारात, डोळे मिटून, कडी चाचपून. मोटरहोमच्या राहायच्या भागाला बहुधा एकच दार असतं आणि शेगडी नेमकी त्याच्या शेजारी.

प्रश्न : दुपारी एसी लावून पुण्याहून येताना मोहोळच्या आसपास तापमानाचा काटा चढतो. कशामुळे?
– एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : बहुतेक वेळा एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे धूळ, किडे आणि पाचट अडकलेलं असतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून कुणी बघत नाही. मेकॅनिककडून मधली जागा उघडून, इंजिनाकडून पुढच्या दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने धुवून घ्या. पंख्याचा पट्टा आणि थर्मोस्टॅटही तपासा.

काटा चढायला लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. घाम निघेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण किमान पाऊण तास उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांवर असतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. पाच लिटर तयार कूलंट जवळ असू द्या.

प्रश्न : रात्री हमरस्त्यावर गाडी बंद पडली तर आधी काय करावं? टोचन कुणाकडून करून घ्यावं?
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आधी माणसं. डाव्या दाराने उतरून सगळ्यांना लोखंडी कठड्यापलीकडे उभं करा. आत झोपलेलं मूल ‘राहू दे तिथेच’ म्हणून ठेवू नका. मग चमकतं जाकीट घालून त्रिकोण मागे किमान शंभर मीटरवर ठेवा, म्हणजे साधारण एकशे तीस-चाळीस पावलं. उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्या मागून आलेल्या वाहनाला आपली गाडी शेवटच्या क्षणी दिसते. जवळ त्रिकोण ठेवून उपयोग नाही.

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतर रस्त्यांवर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन करण्याआधी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि आपली दिशा, सोलापूरकडे की पुण्याकडे, बघून ठेवा. विमा कंपनीच्या मदत योजनेत वजन आणि उंचीची मर्यादा असते. आपली गाडी तिच्यात बसते का ते आत्ताच लेखी विचारा. साधी कार उचलणारी क्रेन चार टनांना पुरत नाही. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी मागची चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा, सोडवून घ्या. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही आणि बेअरिंगं जळतात.

मदत यायला रात्र उलटू शकते. माणशी चार लिटर पाणी टाकीव्यतिरिक्त वेगळं ठेवा, आणि डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. शेगडी न पेटवता दोन दिवस निघतात.