‘प्लस नऊ’च्या मागे लागलेला मुलगा

‘पोरगा गेमात पैसे घालवतोय. मोबाइल काढून घेऊ, की त्याचं अकाउंटच उडवून टाकू?’ मी समुपदेशक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातले आईवडील मला हा प्रश्न वारंवार विचारतात. एका घराच्या अनुभवातून उत्तर देते. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा १७ वर्षांचा, पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला. वडील उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये लेथवर. आई घरी शिलाईकाम करते. गल्लीतल्या भिशीचे पैसे तिच्या खात्यात असतात. हप्ता द्यायची वेळ आली तेव्हा खातं रिकामं निघालं. स्टेटमेंट काढल्यावर ८९, १५९, ४४९ असे छोटे छोटे आकडे दिसले, मिळून १४ हजारांच्या वर. वडिलांनी मोबाइल हिसकावून घेतला, मुलानं जेवण सोडलं, आणि तिघं माझ्याकडे आले.

“मॅडम, ह्याला समजवा की ओ. चित्रातल्या तलवारीला पैसे घालतंय हे पोरगं,” वडील म्हणाले. मुलगा खाली बघत होता. किती तास खेळतोस, हे मी विचारलं नाही. ते त्यानं शंभरदा ऐकलेलं असणार. मी विचारलं, “तुझं कॅरेक्टर कुठलं? सध्या अंगावर कुठलं गिअर आहे?”

गिअर म्हणजे कॅरेक्टरची शस्त्रं, ढाल, चिलखत. हे ऐकल्यावर त्यानं मान वर केली. तो टँक होता. शत्रूचे घाव आपल्या अंगावर घ्यायचे, म्हणजे मागचा, जखमा भरणारा हीलर आणि मारा करणारे सुरक्षित राहतात. म्हणून त्यानं आधी ढाल आणि चिलखत वाढवलं. मारा करणारा खेळाडू असता तर आधी शस्त्र वाढवलं असतं, असं त्यानं समजावलं. पांढरं, हिरवं, निळं, जांभळं, नारिंगी अशी गिअरची चढती प्रत असते, पण नुसत्या रंगावर भुलायचं नाही. एकाच सेटचे चार निळे भाग अंगावर असले तर सेट बोनस मिळतो, आणि तो कधीकधी एकट्या नारिंगी चिलखतापेक्षा जास्त उपयोगी पडतो. लेव्हल भराभर वाढत असताना दुर्मीळ साहित्य गिअरवर खर्च करायचं नाही, कारण थोड्या दिवसांत त्याहून चांगलं मिळणारच असतं. शेवटच्या लेव्हलला पोचल्यावर मग हात सैल सोडायचा.

हे सगळं वडिलांच्या देखत चाललं होतं, आणि मला तसंच हवं होतं. पर्याय तोलणं, खर्च पुढे ढकलणं, गटात आपलं काम काय ते ओळखणं, एवढा विचार हा मुलगा करत होता. त्याचं डोकं बंद पडलेलं नाही, हे मी वडिलांना तिथेच सांगितलं.

मग पैसे गेले कुठे? गिअर निवडण्यात गेले नाहीत, ते अपग्रेड करण्यात गेले. गिअर एकेक पायरी वाढवत न्यायचं, त्या पायऱ्यांना प्लस एक, प्लस दोन असं म्हणतात. त्याच्या गेममध्ये प्लस सहापर्यंत अपग्रेड हमखास होतं. त्यापुढे चान्स असतो. प्लस आठवरून नऊला जाताना स्क्रीनवर १० टक्के दिसतात. फसलं तर साहित्य जातं आणि गिअर एक पायरी खाली येतं. खाली येऊ नये म्हणून एक संरक्षक दगड लागतो, आणि तो खऱ्या पैशानं विकत मिळतो.

“दहा टक्के म्हणजे दहा वेळा केलं की एकदा लागणारच ना?” त्यानं विचारलं. मी कागद पुढे केला. दर वेळी फसण्याची शक्यता ०.९. सलग दहा वेळा फसायची शक्यता काढायला ०.९ हा आकडा दहा वेळा मांडून एकमेकांशी गुणायचा. त्यानं स्वतः कॅल्क्युलेटरवर केलं: सुमारे ०.३५. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी दहा प्रयत्न केले तरी त्यांतले ३५ रिकाम्या हातानं परततात. यश मिळेल अशी ९० टक्के खात्री हवी असेल तर २२ प्रयत्नांची तयारी ठेवावी लागते. काही गेममध्ये ठरावीक अपयशांनंतर हमखास यश द्यायची सोय असते, ती याच्या गेममध्ये नव्हती. आधी किती वेळा फसलं याची पुढच्या प्रयत्नाला काही खबर नसते. सेकंड पीयूसीच्या गणितात तो प्रोबॅबिलिटी शिकत होता, पण इथे तिचा विचार त्याच्या मनात आला नव्हता.

पालकांना मी हे मुद्दाम सांगते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस सर्वांत जास्त वेळ चिकटून राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच चीननं २०१७ मध्ये आणि दक्षिण कोरियानं २०२४ मध्ये गेममध्ये नशिबावर मिळणाऱ्या वस्तूंची शक्यता खेळाडूंना सांगणं बंधनकारक केलं. बेल्जियमनं तर २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्यांना, जुगारच ठरवलं. मोठमोठी माणसं यात अडकतात. १७ वर्षांच्या मुलाला ‘तुला अक्कल नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

पण आकडे कळले म्हणून काम संपत नाही. प्लस नऊच का हवं होतं? गिल्डच्या, म्हणजे गेममधल्या त्याच्या गटाच्या, लीडरनं सांगितलं होतं, पुढच्या रेडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईला, टँकचं चिलखत प्लस नऊ नसेल तर दुसरा टँक घेऊ. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. पीयूसीला सगळं इंग्रजीत, आजूबाजूची मुलं कन्नड बोलणारी. कॉलेजात तो मागच्या बाकावर गप्प बसायचा. गिल्डमध्ये मात्र गोकाक, हुबळीकडची पोरं रात्री नऊला त्याची वाट बघायची, आणि तो त्यांच्याशी हेडफोनवर कन्नडात बोलायचा. आईला हे ठाऊकच नव्हतं. “ह्याला कन्नड येतंय?” तिनं दोनदा विचारलं. ती जागा हातची जाईल या भीतीनं त्यानं आईच्या खात्याला हात लावला. चोरी ती चोरीच, आणि मी त्याला ती तशीच म्हणायला लावली. पण भीती समजून न घेता नुसता मोबाइल काढून घेतला असता तर त्याचे मित्रही त्याच दिवशी गेले असते.

पुढच्या भेटीत वडिलांना त्याच्या शेजारी बसवून गिअर दाखवायला सांगितलं. वडिलांनी नीट बघितलं.

“नऊ झाल्यावर काय?”

“दहा.”

“आणि नवीन लेव्हल आली की?”

“मग हे जुनं होतंय.”

“आम्ही लेथला महागाचा इन्सर्ट, कापायचं पातं, लावताना बघतो, ह्यातनं किती जॉब निघणार. तुझ्या ह्या दगडातनं किती निघाले?”

“एक पण नाही, पप्पा.”

माझ्या कागदापेक्षा हा प्रश्न त्याला जास्त लागला.

नियम त्यानं स्वतः लिहिले. हमखास पायऱ्यांपर्यंत अपग्रेड करायचं. चान्सच्या पायरीला फक्त खेळून मिळवलेलं साहित्य वापरायचं, आणि किती प्रयत्न करायचे ते आधी ठरवून तिथेच थांबायचं. खरा पैसा बंद. गेमच्या अकाउंटमधून यूपीआय काढलं, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला. आईचे पैसे सुट्टीत ओळखीच्या दुकानात काम करून फेडायचे. रेड आठवड्यातून दोन रात्री, वेळ आईला सांगून. एक अट मी वडिलांना घातली: रेड अर्ध्यात असताना मोबाइल ओढायचा नाही, कारण तो एकटा उठला तर बाकीचे सगळे मरतात आणि दोष त्याला लागतो.

सोपं गेलं नाही. दगड विकत घेणार नाही म्हटल्यावर लीडरनं खरंच दुसरा टँक घेतला. माझ्यासमोर मुलगा रडला. नंतर एका लहान गिल्डमध्ये गेला, जिथे प्लस सात चालतं.

त्याला मी व्यसनाचं लेबल लावलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गवारीत गेमिंग डिसऑर्डर हा आजार आहे. ती वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान होत असूनही खेळ वाढत जाणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं, असं असेल तर तो निदानाचा विषय होतो. नुसते तास मोजून ते ठरत नाही. तसं दिसत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून चालणारं ‘शट’ क्लिनिक खास याच कामासाठी आहे.

मुलगा अजून खेळतो. भिशीचे पैसे अर्ध्याहून जास्त फिटलेत. आईनं यूपीआयचा पिन बदललाय आणि घरात कुणालाच सांगितलेला नाही. मुलाला त्याचं थोडं वाईट वाटतं. मी त्याला सांगितलं, तिला वेळ लागेल, आणि तो तिनं घ्यायलाच हवा.