मोफत म्हणजे मोफतच: पावसाळ्याआधीच्या तपासणीबद्दल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

पावसाआधी गॅरेजमध्ये टू-व्हीलरची मोफत तपासणी ठेवायचं तुझ्या मनात आलं, हे फार चांगलं झालं. पण बॅनरवरचं ‘अटी लागू’ आधी काढ. ऑइल तुझ्याकडूनच बदलून घ्यायची अट असेल, तर तपासणीचे पैसे ऑइलमध्ये धरलेत हे गिऱ्हाईक ओळखतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही जाहिरातीत ‘मोफत’ कशाला म्हणायचं यावर वेगळं कलम आहे. पण कायद्यापेक्षा माणसाच्या मनाचं जास्त बघ. गाडी घेऊन आलेला माणूस मनात धाकधूक घेऊनच आलेला असतो: आता हे काहीतरी काढून दाखवणार आणि खर्चात पाडणार. ती धाकधूक घालवायची, एवढंच त्या दिवसाचं काम.

म्हणून एक नियम कडक पाळ. त्या दिवशी पैशाचं काम घ्यायचंच नाही, गिऱ्हाईक स्वतःहून म्हणालं तरी. ‘उद्या या, किंवा तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडून करून घ्या,’ असं स्वच्छ सांग. हा नियम मोडला की पोरं दोष शोधायला लागतात, आणि बरे असलेले ब्रेक शूही ‘संपलेत’ ठरतात.

मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लागतो. मेचे शेवटचे दोन रविवार धर, सकाळी आठ ते अकरा. पहिला रविवार जुन्या गिऱ्हाइकांचा. वर्षभर पैसे देणारा बाजूला उभा आणि नव्याला फुकट, हे त्याला लागतं, आणि लागणारच. दुसरा रविवार सगळ्यांना. एका गाडीला बारा मिनिटं धरली, तर दोन माणसांच्या तीन तासांत तीस गाड्या होतात. तीसच टोकन काढ. एकतिसाव्याला खोटी आशा लावू नकोस, पण त्याचा ब्रेक लाइट आणि हवा बघून दे.

हवेचं मात्र एक आहे. शेजारच्या पंक्चरवाल्याचं पोट त्यावर चालतं. त्याचा धंदा फुकट वाटून टाकू नकोस. त्यालाच त्या सकाळचे पैसे देऊन बसव. प्रत्येक गाडीला चेन कव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये छापलेला आकडा बघूनच हवा भरायची. लांबून आलेल्या गाडीचं टायर तापलेलं असतं, गेज जास्त दाखवतं. ते बघून हवा सोडली, तर टायर निवल्यावर हवा कमी पडते.

चेनवर सगळ्यात जास्त लक्ष दे, कारण फुकटच्या कामातली सगळ्यात वाईट चूक इथेच होते. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून चेनला हात लावला तर बोट जातं, हे पोरांना रोज सांगावं लागलं तरी सांग. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून ढील बघ. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागते. एकाच जागी बघून थांबू नकोस. चाक फिरवत चार ठिकाणी बघ, कारण झिजलेली चेन एकीकडे सैल आणि दुसरीकडे ताठ असते. सैल जागा बघून ताणलीस, तर ताठ जागी बेअरिंगवर ओढ येते. मग ब्रशने माती काढ, नव्वद नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूला थेंबथेंब सोड आणि चाक हाताने उलटं फिरव. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घे. पुसलं नाही तर ते ऑइल मागच्या टायरवर उडतं, आणि पहिल्या पावसात गाडी घसरते. तुझ्या फुकटच्या ऑइलने.

ब्रेक तपासताना मागच्या ड्रमवरचा झिजेचा बाण बघ, डिस्क असेल तर पॅडची जाडी बघ आणि ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्या वर आहे ना, तेही. टायरच्या खाचांतले उंचवटे नक्षीच्या पातळीला आले असतील, तर टायर संपलं. दिवे, इंडिकेटर, हॉर्न दोन मिनिटांत होतात.

जे दिसलं ते चिठ्ठीवर तीन रकान्यांत लिहून दे: ‘आत्ताच’, ‘पावसाआधी’, ‘चालेल’. ‘चालेल’ हा रकाना मोठा ठेव. ‘तुमची चेन अजून सहा महिने जाईल’ असं लिहिणारा मिस्त्री लोकांना सहसा भेटत नाही. ‘आत्ताच’मध्ये फक्त जिवावर बेतेल तेच लिही, आणि ते तोंडानेही सांग: ‘या ब्रेकवर घाटात जाऊ नका.’

मोबाइल नंबर मागू नकोस. पुढच्या महिन्यात त्याला मेसेज गेला, की सगळं फुकट नंबरासाठी होतं असं त्याला वाटेल, आणि ते खरंही असेल. चिठ्ठीखाली दुकानाचं नाव आणि पत्ता पुरे. कोण परत आलं हे मोजायचं असेल, तर जूनपासून चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांची वहीत नुसती रेघ मार. आणि ‘चिठ्ठी आणली तर दहा टक्के सूट’ करू नकोस. सूट दिलीस की बाकी वर्षभर दर दहा टक्के चढे असतात, असा हिशेब तो आपोआप मांडतो.

तुझा,
काका

ता. क. फडकी पांढरी घे, जुन्या धोतराची चालतील. किती ऑइल निघालं ते रंगीत फडक्यावर दिसत नाही.